पत्रा हा साचा की सळई? डेक स्लॅबची पार्श्वभूमी

सोलापुरात जुना वाडा उतरवताना माळवदाची रचना उघडी पडते. तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पुढे तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले, मातीच्या जागी शहाबादी लाद्या आल्या. दोन्हींत हिशोब एकच: वजन पेलायचं ते तुळईनं, वरचा थर नुसता ओझ्याचा. डेक स्लॅबचा, म्हणजे नालीदार पोलादी पत्र्यावर काँक्रीट ओतून केलेल्या स्लॅबचा, सगळा इतिहास हा हिशोब मोडण्याचा आहे.

अमेरिकेत 1920-30 च्या दशकांत पोलादी पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर काँक्रीट ओतून मजले होऊ लागले, पण तिथेही भार पत्राच घेई आणि काँक्रीट भरावापुरतंच असे. 1950 च्या सुमारास नालीदार पत्र्यावर आडव्या तारा वेल्ड करून तोच पत्रा सळईचं, म्हणजे काँक्रीटमधला ताण घेण्याचं, काम करू लागला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पत्र्यावर उठावाचे ठसे मारलेले प्रकार आले. खरी कलाटणी मला इथे वाटते.

कारण गोंधळही इथलाच आहे. आपल्याकडे या कामाला सर्रास 'पत्रा स्लॅब' म्हणतात आणि पत्रा म्हणजे 'न काढायचं सेंट्रिंग', म्हणजे काँक्रीट ओतायचा नुसता साचा, असं समजतात. काँक्रीट ओलं असेपर्यंत ते खरंही आहे. पण काँक्रीट एकदा घट्ट झालं की खालचा ताण तोच पत्रा घेतो. पत्र्याची जाडी जेमतेम 1 मिलिमीटर, आणि त्याच्या उभ्या बाजूंवरून बोट फिरवलं तर लागणाऱ्या बारीक उंचवट्यांवर सगळी भिस्त. काँक्रीट त्यांत अडकतं, म्हणून पत्र्यावरून सरकत नाही. ते सरकलं, की दोन थर वेगळे झाले आणि आपण पुन्हा लाद्यांच्या हिशोबावर आलो.

अक्कलकोट रोडवरच्या एका शेडच्या कामात सेंट्रिंगवाल्यानं, काँक्रीट चिकटू नये म्हणून साच्याच्या प्लेटांना लावतात तसं ऑइल पत्र्यावर फिरवलेलं मी पाहिलंय. त्याची चूक नव्हती; त्याला कामाचं नावच चुकीचं सांगितलं होतं. ते धुऊन काढण्यात अख्खा दिवस गेला.

ही सरक नुसत्या गणितानं सांगता येत नव्हती. म्हणून 1967 पासून अमेरिकेत पूर्ण मापाचे स्लॅब मोडेपर्यंत लादून पाहिले गेले. प्रत्येक आकाराच्या पत्र्यासाठी चाचणीतून 'एम' आणि 'के' असे, काँक्रीटची पत्र्यावरची पकड सांगणारे, दोन आकडे काढायची पद्धत त्यातूनच रुजली. एका पत्र्याचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत. बाजारात 'तसाच दिसणारा' पत्रा स्वस्तात मिळतो तेव्हा हे आधी आठवावं.

भारतात पोलाद आणि काँक्रीटच्या एकत्रित बांधकामाची आयएस 11384 ही संहिता (भारतीय मानक) 1985 ची. त्यात तुळई आणि स्लॅब एकत्र काम करण्याचा विचार होता, नालीदार पत्र्याचा मात्र नव्हता. माझ्या मते ही उणीव महागात पडली. अभियंते ब्रिटिश आणि युरोपीय नियमांवर चालत राहिले, आणि ते ज्यांच्या हाताशी नव्हते त्यांनी पत्रा हिशोबातच न धरता सळई पूर्ण टाकली. सुरक्षित खरं, पण पत्र्याचा पैसा वाया. आगीत पत्रा तापून कमजोर होतो, म्हणून जाळी आणि गरजेप्रमाणे नाल्यांत सळई लागतेच. पण तो हिशोब वेगळा.

संहिता 2022 मध्ये सुधारून आली. सोलापुरातल्या शेडांत पोटमाळ्यांसाठी आता डेक शीट मागवतात, तुळईवर पत्र्यातूनच स्टड (तुळई आणि स्लॅब जोडणारे पोलादी खुंट) वेल्ड करतात. कोटेशनमध्ये मात्र तो पत्रा अजून 'सेंट्रिंग'च्या रकान्यातच लिहिलेला असतो.