मूल्यांकक, नोंदणीकृत (स्थावर मालमत्ता) : गोवा

जमीन, घर, सदनिका, दुकान किंवा बागायत यांची बाजारातील किंमत ठरवून तिचा कारणांसह लेखी अहवाल देणारी व त्यासाठी कायद्यानुसार नाव नोंदवलेली व्यक्ती. बोलताना सगळे 'व्हॅल्युअर'च म्हणतात. गोव्यात बँकेचे कर्ज, भावंडांमधील वाटणी, भांडवली नफ्यावरील कर, भूसंपादनाची भरपाई आणि दिवाळखोरीतील कंपन्यांची मालमत्ता अशा कामांसाठी त्याच्याकडे जावे लागते.

'याचे लायसन कुठे मिळते?' असे इंजिनिअर झालेली मुले विचारतात. नेमके उत्तर द्यायचे तर असे एकच लायसन भारतात नाही. वकिलाला बार कौन्सिलची सनद असते, तशी व्यवस्था या पेशाला अजून लाभलेली नाही. स्वतंत्र मूल्यांकक कायद्याचा मसुदा २०२० मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने दिला खरा, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे दोन कायद्यांच्या दोन नोंदवह्या आणि बँकांच्या आपापल्या याद्या, असा तिपेडी कारभार आहे. गोवा सरकारचा यांपैकी कशाशीही थेट संबंध येत नाही.

पहिली वही संपत्ती कर कायदा, १९५७ मधील कलम ३४ एबी खालची. हा कर २०१५ च्या वित्त कायद्याने बंद झाला, पण त्याच्या पोटातली मूल्यांककांची नोंदणी पुढेही चालू राहिली. प्राप्तिकराच्या कामात हीच नोंदणी पाहिली जात आली आहे. तिच्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी आणि १० वर्षांचा अनुभव लागतो. मूल्यांकनातच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना २ वर्षे पुरतात. या वहीत मालमत्तेचे वर्ग वेगवेगळे आहेत : इमारती व बिगरशेती जमीन हा एक वर्ग, तर शेतजमीन, मळे, वने, खाणी हे प्रत्येकी स्वतंत्र वर्ग. गोव्यात याला महत्त्व आहे, कारण एकाच घराण्याकडे म्हापशाला दुकान, गावात शेत आणि सांग्याकडे खाणीलगतची जमीन असू शकते. इमारतींच्या वर्गात नोंद असलेल्याने खाणीवर सही करायची नसते.

दुसरी वही कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ खालची. तिचे नियम १८ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ म्हणजे आयबीबीआय तिचे प्राधिकरण आहे. येथे तीनच वर्ग आहेत : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. पहिल्या वर्गासाठी वर सांगितलेल्या तीन विषयांपैकी एकाची पदवी व त्यानंतर ५ वर्षांचा अनुभव, किंवा त्या विषयांत अथवा मूल्यांकनात पदव्युत्तर पदवी व ३ वर्षांचा अनुभव हवा. फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पणजीच्या आल्तिनोवरचे वास्तुशास्त्र महाविद्यालय ही गोव्यातील उमेदवारांची नेहमीची वाट. मूल्यांकनातील पदव्युत्तर शिक्षणासाठी गुजरातमधील वल्लभ विद्यानगरचे नाव जुन्या लोकांच्या तोंडी आहे.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त मूल्यांकक संघटनेचे सभासद व्हायचे, तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, मग संगणकावरची परीक्षा द्यायची. परीक्षेत ६० टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे टिकमार्क अंगाशी येते. अर्थशास्त्र, जमिनीचे कायदे, इमारतीचा घसारा, व्याजाची कोष्टके असा अभ्यास असतो. उत्तीर्ण झाल्यावर संघटनेमार्फत मंडळाकडे अर्ज जातो. अर्जदार दिवाळखोर किंवा गुन्ह्यात शिक्षा झालेला नसावा.

एवढे होऊनही काम दारात येत नाही. प्रत्येक बँक आपले पॅनेल स्वतः निवडते आणि त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. त्यामुळे नवा माणूस बहुधा एखाद्या जुन्या व्हॅल्युअरच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढतो. ही उमेदवारी कायद्याने सक्तीची नाही. पण गोव्यात ती टाळणाऱ्याचे पुढे हाल होतात, कारण परीक्षेत पद्धत शिकवली जाते आणि गोव्याची जमीन वाचावी लागते ती कागदांतून.

सर्वांत आधी येतो एक-चौदाचा उतारा, म्हणजे १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालचा हक्कनोंदीचा फॉर्म (शहरी सर्वेक्षणाच्या भागात त्याऐवजी फॉर्म 'डी'). गोव्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये मोजतात. घाटावरून आलेला माणूस गुंठ्यांत हिशेब मांडू लागला की येथे लगेच ओळखू येतो. उताऱ्यात कब्जेदाराचे नाव असते, पण तो मालकीचा पुरावा नव्हे. मालकीसाठी विक्रीखत, वाटणीपत्र आणि जुन्या मालमत्तेबाबत पोर्तुगीज काळातील 'देस्क्रिसांव' (जमीन नोंदणीतले मालमत्तेचे वर्णन) व 'मात्रिज' (महसुलाची नोंदवही) यांच्या नोंदी काढाव्या लागतात. त्यातली भाषा पोर्तुगीज, अक्षर वळणदार. ती वाचणारी माणसे आता कमी उरली आहेत.

नवखे घसरतात ते कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यांवर. कुळाचे नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती आड येते; त्या दुरुस्तीने कुळाला मालक मानले. घर मुंडकाराचे, म्हणजे जमीनदाराच्या (भाटकाराच्या) जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचे असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्यानुसार त्याला आपले घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. ही जागा पंचायत हद्दीत साधारण ३०० चौरस मीटरपर्यंत जाते. म्हणजे भाटकाराच्या नावावर १,००० चौरस मीटर भाट (बागायती जमीन) दिसत असले आणि त्यात दोन मुंडकारी घरे असली, तर मोकळेपणी विकता येण्याजोगे उरते ४०० च्या आसपास, आणि तेही रस्ता कुठून जातो यावर. जो अहवाल पूर्ण १,००० ला एकच दर लावतो तो बँकेच्या वकिलापुढे टिकत नाही. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेची) जमीन 'आफोरामेंत' म्हणजे कायम पट्ट्याने, वार्षिक फोर (खंड) भरून धरलेली असेल, तर ती पूर्ण मालकीची आहे का हे पाहिल्याशिवाय आकडा लिहिता येत नाही.

त्यानंतर झोन. 'प्रादेशिक आराखडा २०२१'नुसार सर्व्हे नंबर 'सेटलमेंट'मध्ये (वस्तीच्या पट्ट्यात) आहे की बागायत, शेती वा पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यात, यावर भाव कित्येक पटींनी बदलतो. किनाऱ्याजवळ सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्रातील बांधकामाचे नियमन, लागू होतो. खाजन जमिनीला (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीला) त्यातच खास संरक्षण आहे. भातशेतीच्या विक्रीवर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आले. नगरनियोजन कायद्यातील १७(२) आणि ३९ अ या कलमांखाली झोन बदलून मिळण्याची आशा हल्ली प्रत्येक दलालाच्या बोलण्यात असते, आणि त्यावरचे वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. मूल्यांककाने आजचा झोन धरूनच किंमत लिहायची. उद्याच्या रूपांतराची किंमत आज लावणारा अहवाल म्हणजे दलालाची जाहिरात.

दर काढण्याची मुख्य पद्धत तुलनेची : आसपासचे नोंदलेले व्यवहार सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातून काढायचे आणि आकार, रस्ता, उतार, तारीख यांनुसार कमीजास्त करायचे. लहान प्लॉटचा दर मोठ्या जमिनीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात १९८८ मध्ये स्पष्ट केले. भूसंपादनाच्या वादांत तो निकाल आजही पुढे केला जातो. मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेले किमान दर हा बाजारभाव नव्हे. खतात लिहिलेली रक्कमही नेहमी खरी असतेच असे नाही. ही अडचण परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, प्रत्यक्षात तीच दिवसभराचे काम असते.

जुन्या घराला तुलना सापडत नाही. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, शिंपल्यांच्या खिडक्या, पुढे बलकांव (बसायचा ओटा) असे घर लोटलीत किंवा चांदरला असले, की घसाऱ्याच्या कोष्टकानुसार इमारतीची किंमत जवळजवळ शून्यावर येते. ग्राहक मात्र त्या घरासाठीच आलेला असतो. अशा वेळी जमीन व बांधकाम वेगवेगळे मोजून, दुरुस्तीचा खर्च वजा करून, जुनेपणाची मागणी कशी धरली ते अहवालात उघड लिहावे लागते.

वाटणीची कामे ही गोव्याची खासियत. येथील समान नागरी कायद्यामुळे विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता बहुधा निम्मी-निम्मी असते, आणि वारसांमधील वाटप 'इन्व्हेंटरी' प्रक्रियेतून होते. तिचे नियम आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहेत. त्यात मालमत्तेची यादी होते, तिला किंमत लागते आणि वारस आपसांत बोली लावू शकतात. मूल्यांककाचा आकडा येथे बोलीचा पाया ठरतो, म्हणून तो कमी लागला तरी एक भाऊ रागावतो, जास्त लागला तरी दुसरा. विक्री झाली तर प्राप्तिकरासाठी २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरता येते. ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, असे २०२० पासून आहे. २००१ च्या सुमाराचे व्यवहार शोधायला सब-रजिस्ट्रारच्या जुन्या वह्या उघडाव्या लागतात.

फी लेखी करारात आधी ठरवायची असते. आकडा मनासारखा आला तर जादा, अशी फी आयबीबीआयच्या आचारसंहितेत चालत नाही. कामाचे कागद अहवालानंतर किमान ३ वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. इन्व्हेंटरीच्या कामांत असलेला शहाणा व्हॅल्युअर मात्र ते कपाटातून कधी काढून टाकतच नाही.