१८ कोटींचा इलाज आणि रोजची कॅप्सूल

"ताई, ते इंजेक्शन आलं म्हणते ना, एकदा लावलं का सिकल जाते. आपल्या नागपुरात कधी येईन जी?"

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. पहाटेच्या एसटीनं त्या भिवापूरकडून आल्या होत्या. नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मी माझ्या भाच्याला घेऊन आले होते. त्याचाही एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं. बाईंनी मोबाइलवरचा त्या इलाजाचा व्हिडिओ दाखवला. बातमी खरी होती. पण त्यांच्या मुलाची रोजची कॅप्सूल गेले चार महिने बंद होती, कारण गावात कुणीतरी सांगितलं होतं, "हे तर कॅन्सरचं औषध आहे." विदर्भातल्या कितीतरी घरांत हेच चाललं आहे, म्हणून आधी ती बातमी नीट समजून घेऊ.

आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीनं गुंफलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं. तेवढ्यानं ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे होतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि ज्या भागाचं रक्त अडलं तो भाग ठणकू लागतो. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. म्हणून अशक्तपणा, पिवळे डोळे आणि रात्री-अपरात्री हाडं फुटल्यासारख्या वेदना.

१९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार कमी असतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. ते चिकटत नाही, आणि दुसऱ्यालाही चिकटू देत नाही. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळपास थांबवतं आणि तिथून दुखणं डोकं वर काढतं. हे गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करता आलं तर? गेल्या ७५ वर्षांतल्या बऱ्याचशा संशोधनाचा जीव या एका प्रश्नात आहे.

व्हिडिओतला इलाजही त्याचंच उत्तर आहे. २००८ मध्ये संशोधकांना कळलं, की बीसीएल-११-ए नावाचं जनुक गर्भ-हिमोग्लोबिन दाबून ठेवतं. कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, क्रिस्पर या जनुकीय कात्रीनं या जनुकाला लाल पेशींत चालू ठेवणारा भाग निकामी करतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली, अमेरिकेनं डिसेंबरमध्ये. ज्या ३१ रुग्णांकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यांतल्या २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा एकही झटका आला नाही. हे वाचताना माझे डोळे भरून आले होते.

मात्र ते 'इंजेक्शन' नव्हे. नव्या पेशींना जागा करायला आधी जोरदार केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, रिकामी करावी लागते. त्यात पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सगळ्या प्रक्रियेला कित्येक महिने लागतात, त्यात रुग्णालयातला मोठा मुक्काम. २०२३ ची मंजुरी १२ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी होती. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं सुमारे १८ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेनं 'बिरसा १०१' हा स्वदेशी जनुकीय उपचार जाहीर केला आणि तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. मला त्याची मोठी आशा वाटते. पण रुग्णांच्या हाती येण्याआधी त्याला चाचण्यांतून जायचं आहे.

आता ती बंद पडलेली कॅप्सूल. हायड्रॉक्सीयुरिया. तीही गर्भ-हिमोग्लोबिनच वाढवते. दार तेच, ठोठावणं हळुवार. कॅन्सरमध्ये ती वापरतात हे खरं, पण इथे डोस वजनाप्रमाणे बेतलेला असतो आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशी फार उतरल्या नाहीत ना, हे पाहतात. अमेरिका-कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी कॅप्सूल घेणाऱ्यांना वर्षाला वेदनेचे साडेचार झटके आले, तर खरं औषध घेणाऱ्यांना अडीच. फायदा इतका स्पष्ट होता की १९९५ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवली. आपल्या मेडिकलमध्येही, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ६० मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना दर किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी डोसचं औषध, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात औषध घेणाऱ्या मुलांचे झटके कमालीचे घटले होते. हे आपल्याच मातीतल्या मुलांचे आकडे आहेत. सरकारी दवाखान्यात ही कॅप्सूल मोफत मिळते.

ती लगेच गुण देत नाही. तीन-चार महिने लागतात, आणि तेवढ्यात कंटाळून लोक सोडतात. मूल होऊ द्यायचं असेल तर मात्र, बाई असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

आणखी एका औषधाचं उदाहरण सांगते. व्हॉक्सेलोटर या गोळीला अमेरिकेनं २०१९ मध्ये झटपट मंजुरी दिली, कारण ती घेणाऱ्या निम्म्या रुग्णांचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमहून अधिक वाढलं होतं. दुखणं कमी झालं का, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ती जगभरातून मागे घेतली. घेणाऱ्यांत झटके आणि मृत्यू जास्त दिसू लागले होते. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस बरा होणं यांत असं अंतर असू शकतं. पुढच्या वेळी 'नवं औषध आलं' असं वाचाल, तेव्हा काय सुधारलं ते शोधा. दुखणं, भरती होणं, जगणं, की फक्त आकडा?

हे सगळं बाईंना साध्या भाषेत सांगितलं. नागपूरच्या मे महिन्यात शरीरातलं पाणी आटलं की पेशी पटकन वाकतात, म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजा; ताप चढला, छातीत दुखून दम लागला किंवा पोटाच्या डाव्या बाजूला सूज आली तर रात्र काढू नका, हेही सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "एक पोरगा एसएस झाला, आता दुसरं लेकरू चांगलं होईन ना?" आई-बाप दोघं एएस, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेले वाहक असले तर प्रत्येक खेपेला एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक अशीच राहते. आधीच्या मुलामुळे ती कमी होत नाही. गरोदरपणात लवकर तपासता येतं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून मुलाचं कार्ड काढलं. कॅप्सूल बंद होईपर्यंतची दोन वर्षं मामाच ती नेत होता, मुलगा स्वतः आलाच नव्हता. कार्डावर वजन होतं १७ किलो. त्याला उठवून कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं, तर काटा २३ वर थांबला. बाईंनी तो आकडा माझ्याकडून पेनानं कार्डाच्या मागे लिहून घेतला, आणि नंबर पुकारल्यावर कार्ड उलटं धरूनच त्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.