15 लिटर पेट्रोलाएवढी बॅटरी आणि तीन टनांची गाडी

आपल्याकडे पिकअप म्हटले की दुधाचे कॅन किंवा भाजीची क्रेट वाहणारी कष्टाळू गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पिकअप ही बऱ्याचदा कुटुंबाची एकमेव गाडी असते. आठवडाभर ती कामावर नेते आणि सुट्टीच्या दिवशी बोट किंवा चाकांवरचे घर मागे जोडून दोन-तीनशे किलोमीटर दूर जाते. सप्टेंबर 2021 मध्ये रिव्हियनची ‘आर-वन-टी’, 2022 मध्ये फोर्डची ‘एफ-150 लाइटनिंग’ आणि नोव्हेंबर 2023 मध्ये टेस्लाची ‘सायबरट्रक’ या विजेवरच्या पिकअप ग्राहकांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा या दोन्ही कामांची अपेक्षा विजेवरच्या गाडीकडून होऊ लागली. पहिले काम या गाड्या उत्तम करतात. मालकांच्या बहुतेक तक्रारी दुसऱ्या कामापासून सुरू होतात आणि त्यांचे मूळ गाडीच्या बिघाडात नसून ऊर्जेच्या हिशेबात आहे.

लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 किलोवॅट-तासांची आहे. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे ‘युनिट’. एक लिटर पेट्रोलात साधारण 8.9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही अवाढव्य बॅटरी जेमतेम 15 लिटर पेट्रोलाएवढी ऊर्जा साठवते, तर त्याच कंपनीच्या पेट्रोल पिकअपची सर्वांत मोठी टाकी 136 लिटरची असते. तरीही लाइटनिंग एका चार्जिंगमध्ये, अमेरिकी सरकारी चाचणीनुसार, सुमारे 515 किलोमीटर धावते, कारण विद्युत मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचवते आणि पेट्रोल इंजिन त्यातला बराचसा भाग उष्णतेच्या रूपाने गमावते.

मागे ट्रेलर जोडला की हीच कार्यक्षमता गैरसोयीची वाटू लागते. हलक्या भारावर धावणारे पेट्रोल इंजिन ऊर्जेची बरीच उधळपट्टी करत असते. भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे वाढलेल्या कामाचा काही भाग त्या सुधारणेत झाकला जातो. विद्युत मोटरमध्ये आधीच फारसे काही वाया जात नसल्यामुळे झाकण्यासारखे काही उरत नाही आणि वाढलेले प्रत्येक काम थेट बॅटरीतून वजा होते. उंच, चौकोनी फिरते घर ओढताना या गाड्यांचा पल्ला निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आल्याचे अमेरिकी वाहनपत्रकारांच्या चाचण्यांत वारंवार दिसले आहे. पेट्रोल पिकअपचाही मायलेज ट्रेलरमुळे घसरतो, पण टाकी मोठी असल्याने आणि ती पाच मिनिटांत भरत असल्याने मालकाला ते तितके खुपत नाही.

येथे वजनापेक्षा आकार अधिक महत्त्वाचा ठरतो, हे अनेक मालकांना उशिरा उमगते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना हवेचा अवरोध हाच मुख्य शत्रू असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी 90 वरून 110 किलोमीटरवर नेला की अवरोध जवळपास दीडपट होतो. वजनाची किंमत मुख्यतः चढावर आणि वेग घेताना मोजावी लागते, शिवाय उतारावर किंवा ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातला काही भाग परत मिळवते. म्हणून बुटक्या ट्रेलरवर ठेवलेल्या जड यंत्रापेक्षा तेवढ्याच वजनाचे तीन मीटर उंच फिरते घर बॅटरी कितीतरी लवकर रिकामी करते. हवा कापण्यात गेलेली ऊर्जा कोणताही ब्रेक परत देत नाही. त्यातच महामार्गावरची बरीचशी चार्जिंग स्थानके मोटारगाडी तोंड घालून उभी करण्याच्या हिशेबाने बांधलेली असल्यामुळे, ट्रेलर सोडून बाजूला उभा करणे, गाडी चार्ज करणे आणि पुन्हा ट्रेलर जोडणे हा उद्योग प्रत्येक थांब्यावर करावा लागतो. मला विचाराल तर पल्ल्याच्या आकड्यापेक्षा हाच त्रास मोठा आहे.

थंडीत हिशेब आणखी बिघडतो. ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ने 2019 मध्ये विद्युत मोटारींची चाचणी घेतली, तेव्हा उणे 7 अंश सेल्सियसला हीटर चालू असताना पल्ला सरासरी 41 टक्क्यांनी कमी झाला. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिन फुकट तापवते. विद्युत गाडीत तीही बॅटरीतूनच काढावी लागते. बाहेरच्या हवेतून उष्णता खेचून आत आणणारा ‘हीट पंप’ हे काम कमी विजेत करतो. फोर्डने तो लाइटनिंगमध्ये 2024 च्या मॉडेलपासून बसवला, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने मॉडेलचे वर्ष पाहावे. गारठलेल्या बॅटरीत लिथियमचे आयन इलेक्ट्रोडमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचण्याचा धोका असतो, म्हणून गाडीची यंत्रणा स्वतःहूनच चार्जिंगचा वेग कमी करते. मालकाला वाटते की चार्जर बिघडला.

घरच्या चार्जिंगचे दुखणे अमेरिकेत आपल्यापेक्षा वेगळे आहे. तेथील साधे सॉकेट 120 व्होल्टचे असते आणि त्यातून गाडीला सलग साधारण 1.4 किलोवॅट मिळतात. एवढ्यावर 131 युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे चार दिवस लागतात. 240 व्होल्टची स्वतंत्र जोडणी करून घेतली की काम एका रात्रीत होते. पण जुन्या घरांत त्यासाठी विजेचे पॅनेलच बदलावे लागते आणि तो खर्च गाडीच्या किमतीत कोणी धरलेला नसतो.

गाडी रात्रीतून ‘मेली’ ही तक्रार मात्र वेगळ्या कारणाची आहे. मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी कधीकधी उघडत नाही की सुरू होत नाही. सुरक्षिततेसाठी गाडी बंद असताना मुख्य बॅटरी मोठ्या विद्युत स्विचांनी उर्वरित गाडीपासून तोडलेली असते आणि ते स्विच जोडण्यासाठी लागणारी वीज बहुतेक गाड्यांत 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून येते. ती उतरली तर कोयनेचे धरण काठोकाठ भरलेले असावे आणि दरवाजे उचलणाऱ्या मोटरलाच वीज नसावी, अशी अवस्था होते. उभी गाडी पूर्णपणे झोपलेली नसते. फोनवरील अ‍ॅप, जवळ आलेली बिनतारी किल्ली आणि सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण तिला पुन्हा पुन्हा जागे करतात. पहाऱ्याचे कॅमेरे चालू ठेवले तर मुख्य बॅटरीही हळूहळू उतरते. नवी गाडी घेतल्याच्या उत्साहात तासातासाला अ‍ॅप उघडून बॅटरी किती उरली ते पाहणारा मालक ती थोडी थोडी उतरवतच असतो.

वजनाचा मुद्दा टायरपाशी येऊन थांबतो. मोठ्या बॅटरीची लाइटनिंग सुमारे तीन टनांची आहे. जीएमसीची हमर ईव्ही चार टनांहून जड असून त्यातले 1,300 किलो एकट्या बॅटरीचे आहेत. एवढे वजन आणि शून्य वेगापासूनच मिळणारा मोटरचा पूर्ण जोर यांमुळे टायर लवकर झिजतात. चार मोटरींच्या रिव्हियनमध्ये वीज वाचवणाऱ्या ‘कन्झर्व्ह’ पद्धतीत मागच्या मोटरी सुटून केवळ पुढची चाके गाडी ओढत, त्यामुळे पुढच्या टायरांच्या झिजेबद्दल मालकांनी बरीच ओरड केली. युनिट वाचले, टायर गेले.

वर्तमानपत्रांत गाजलेल्या काही घटनांचा विजेशी संबंध नाही, हेही नोंदवले पाहिजे. एप्रिल 2024 मध्ये टेस्लाने 3,878 सायबरट्रक परत मागवल्या, कारण जुळणीच्या वेळी साबण वापरल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरचे आवरण सरकून अडकू शकत होते. मार्च 2025 मध्ये 46,000 हून अधिक गाड्या बाहेरची पोलादी पट्टी गोंदातून सुटण्याच्या भीतीने परत बोलावल्या गेल्या. सायबरट्रकच्या स्टेनलेस स्टीलवर दिसलेल्या तांबूस ठिपक्यांचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरातही येतो: लोखंडी घासणीचे कण चिकटून राहिले की स्टीलच्या पातेल्यावर असेच डाग उमटतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतही पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा डिंक आणि रस्त्यावरचे मीठ लगेच पुसून काढण्याची सूचना आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये रिव्हियनने चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रासह सॉफ्टवेअर पाठवले आणि काही गाड्यांचे पडदे काळे झाले. गाड्या चालत होत्या, पण पडद्यावर काही दिसत नव्हते. नवख्या कारखान्यांचे हे बालरोग आहेत आणि ते बरे होतात.

ट्रेलरचा हिशेब मात्र तसा बरा होणारा नाही. बॅटरी दुप्पट केली तर वजन आणि किंमत वाढते. शेवरोलेने सिल्व्हरॅडोत 200 युनिटांच्या पलीकडची बॅटरी बसवून तो मार्ग धरला आहे. रॅम कंपनीने 92 युनिटांची बॅटरी आणि ती चालताना भरण्यासाठी 3.6 लिटरचे पेट्रोल इंजिन अशी जोडी जाहीर केली. त्या इंजिनाचा चाकांशी संबंध नसतो, ते केवळ जनित्र फिरवते. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डनेही पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या लाइटनिंगचे उत्पादन थांबवून पुढच्या पिढीत असेच जनित्र बसवणार असल्याचे सांगितले.