पावसाचा दिवस (हवामानशास्त्र)

सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत एखाद्या ठिकाणी किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर भारतीय हवामान विभाग तो ‘पावसाचा दिवस’ धरतो. तारीख मोजणीच्या सकाळची लागते. सोमवारी दुपारी झोडपून गेलेला वळीव दप्तरात मंगळवारचा ठरतो. ही मर्यादा इंच-सेंटच्या जमान्यातल्या दहा सेंटांची; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ब्रिटनमध्ये १ मिलिमीटरवरच ओला दिवस मोजतात, त्यामुळे दोन देशांचे आकडे थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही.

पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असेल, तर २.५ मिलिमीटर म्हणजे बाटलीत ५० मिलिलिटर पाणी. सकाळी ते मोजपात्रात ओतून वाचायचे. ४८ भरले तर पाऊस नोंदला जातो, दिवस मात्र मोजला जात नाही. रात्रभर भुरभुर होऊनही असे घडते.

सातारा-सांगलीत या मापाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. जुलैत महाबळेश्वरला किंवा कोयना खोऱ्यातल्या नवजाला जवळपास रोजच पाऊस. तिथे ३ मिलिमीटरचा दिवस आणि ३०० मिलिमीटरचा दिवस गणतीत सारखेच. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात मात्र हीच संख्या बोलकी ठरते. तरीही मधला खंड तिच्यात दिसत नाही. दहा दिवस सलग पडला की महिनाभर विखरून पडला, हे पेरणी केलेल्याला विचारावे. रब्बी ज्वारीचा तर सगळा भरवसा परतीच्या पावसावर.

देशभराचे चित्र काढण्यासाठी हवामान विभागाने सुमारे ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून अक्षांश-रेखांशांच्या ०.२५ अंशांच्या चौकटींचा, १९०१ पासूनच्या दैनिक पावसाच्या आकड्यांचा संच तयार केला आहे. चौकटीची बाजू साधारण २७ किलोमीटर. महाबळेश्वर आणि पाचगणी यांत याहून कमी अंतर, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. एका कोपऱ्यातली जोरदार सर चौकटभर पसरली की हलक्या पावसाचे दिवस वाढतात आणि मुसळधारेचे घटतात. केंद्रावरची गणती आणि चौकटीतली गणती एकमेकींत मिसळू नयेत, ते यासाठीच.

पीकनुकसानीच्या कामात महसूल खाते वेगळे माप लावते: मंडलात, म्हणजे काही गावांच्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. त्यासाठी महावेध प्रकल्पातील मंडलनिहाय स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी वापरल्या जातात. केंद्र एका गावात आणि ढगफुटी शेजारच्या शिवारात, असे झाले की पंचनाम्याच्या वेळी वाद ठरलेला.