निळ्या होडीवरचा तांबडा पट्टा

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, भाईंदर ओलांडून पुढे गेल्यावर उत्तनचा किनारा लागतो. पाऊस पुरता ओसरल्यावर ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी तेथे एक छायाचित्र काढले. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू, तिच्यावर कलंडलेली निळी होडी, होडीच्या कडेने ओढलेला तांबडा पट्टा, बाजूला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि या सगळ्यांवर स्वच्छ निळे आकाश, एवढेच त्यात होते. ठाण्याला घरी आल्यावर मोबाइलमधील एका बटणाने ते कृष्णधवल केले आणि होडीवरचा तांबडा पट्टा नाहीसा झाला. चित्र कितीही मोठे करून पाहिले तरी होडी एकसारखी करडी दिसत होती.

यात मोबाइलची काही चूक नव्हती. रंगीत डिजिटल चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे, ० ते २५५ या पट्टीवरचे तीन आकडे असतात. कृष्णधवल चित्रात मात्र प्रत्येक बिंदूला एकच आकडा मिळतो. तीन आकड्यांतून सुमारे १ कोटी ६७ लाख रंग तयार होऊ शकतात, एका आकड्यातून फक्त २५६ करड्या छटा. त्यामुळे मुळात अगदी भिन्न असलेले असंख्य रंग एकाच छटेत येऊन पडणे अटळ असते. माझ्या चित्रात होडीच्या निळ्या रंगाचे आकडे ३०, १०० आणि १८० होते, तर तांबड्या पट्ट्याचे १९०, ४५ आणि ४५. सर्वांत प्रचलित सूत्रानुसार लालच्या आकड्याला ०.२९९ ने, हिरव्याच्या आकड्याला ०.५८७ ने आणि निळ्याच्या आकड्याला ०.११४ ने गुणून बेरीज करतात. वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा: होडीचे उत्तर ८८ येते आणि पट्ट्याचेही ८८ येते.

हे गुणक दूरचित्रवाणीच्या काळातले आहेत. रंगीत प्रक्षेपण कृष्णधवल संचावरही नीट दिसावे, यासाठी रंगांच्या संकेतांतून उजेडाचा एक वेगळा संकेत तयार करावा लागत असे, आणि तो या प्रमाणात तयार केला जाई. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाल्यावरही ज्या घरांत जुना संच होता, त्या घरांनी वर्षानुवर्षे याच गुणकांतून जग पाहिले. हिरव्याला निम्म्याहून अधिक वाटा मिळण्याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. दिवसाच्या उजेडात आपली दृष्टी ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. तेवढ्याच शक्तीचा निळा प्रकाश आपल्याला कितीतरी मंद वाटतो. प्रकाशमापनाचे आंतरराष्ट्रीय मानक १९२४ पासून डोळ्यांच्या याच प्रतिसादाच्या वक्रावर उभे आहे. काही संगणकीय प्रणालींतील ‘रंग काढून टाका’ ही सोय मात्र डोळ्यांचा विचार न करता तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची सरासरी घेते. त्या रीतीने झगझगीत पिवळा आणि गडद निळा हे दोन्ही एकाच करड्या रंगाचे होतात. ती रीत निसर्गचित्रासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु डोळ्यांशी प्रामाणिक असलेले सूत्रही किनाऱ्यावर पुरे पडत नाही, कारण किनाऱ्याच्या चित्राचा निम्मा भाग आकाशाने व्यापलेला असतो आणि आकाशाचा निळेपणा ही स्वतंत्र भौतिक घटना आहे. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो, आणि म्हणून निळ्या आकाशाकडून आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशात लाल भाग थोडाच असतो. उलट वाळू निळ्यापेक्षा लाल प्रकाश अधिक परतवते. माझ्या चित्रात आकाशाचे आकडे ९५, १५० आणि २१५, तर ओल्या वाळूचे १३५, ११५ आणि ९५ असे होते. प्रचलित सूत्राने आकाश १४१ आणि वाळू ११९ होते, म्हणजे आकाश उजळ आणि वाळू काळसर. केवळ लाल आकडा घेतला, तर आकाश ९५ आणि वाळू १३५. तोच किनारा, तीच सकाळ, आणि उजेडाचा क्रम संपूर्ण उलटा. फिल्मच्या काळात छायाचित्रकार भिंगापुढे तांबडी काच लावून आकाश गडद करीत, ते याच तत्त्वावर.

केवळ निळा आकडा घेतला, तर आपण एकोणिसाव्या शतकात पोहोचतो. त्या काळच्या काचपट्ट्यांवरील रसायन निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत असे, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन ढग नाहीसे होत. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास काढलेल्या सागरचित्रांपैकी काहींमध्ये आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून एकच प्रत छापली. पुढे १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंजकद्रव्य मिसळून काचपट्टी हिरव्या प्रकाशालाही संवेदनशील करता येते हे दाखवले आणि तांबड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

डिजिटल चित्रात हे गुणक आपल्या हाती असतात. बहुतेक संपादन प्रणालींत कृष्णधवल करताना लाल, हिरवा व निळा यांच्या पट्ट्या सरकवता येतात. गुणकांची बेरीज १ ठेवली की पांढरे पांढरेच आणि करडे करडेच राहते, आणि एखादा गुणक ऋण ठेवला तरी चालते. बऱ्याच प्रयोगांनंतर मी लालसाठी ०.७, हिरव्यासाठी ०.४ आणि निळ्यासाठी उणे ०.१ हे गुणक निवडले. त्यांनी होडी ४३ वर आली आणि पट्टा १४७ वर. काळ्या होडीवर तो आता लांबूनही ठसठशीत दिसतो.

निळा याहून खाली ओढण्याचा मोह आवरावा. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या संवेदकावरील रंगगाळण्यांची मांडणी बहुधा ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे असते; तीत निम्मे बिंदू हिरव्याचे आणि लाल व निळ्याचे प्रत्येकी पाव असतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन आकडे शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. त्यातच जेपेग फाइल जागा वाचवण्यासाठी रंगांचा तपशील सहसा उजेडाच्या तपशिलापेक्षा जाडसर साठवते. गुणक टोकाला नेले की हे सारे उघडे पडते: आकाशात दाणे उठतात, सलग छटेचे पट्टे पडतात आणि क्षितिजाच्या कडेला पांढरी किनार दिसू लागते. ज्यांना आकाश खरोखर गडद करायचे आहे, त्यांनी चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे संवेदकाने टिपलेले आकडे जसेच्या तसे साठवून, काढावे. तेथे प्रत्येक बिंदूला २५६ नव्हे, तर ४०९६ किंवा १६३८४ पातळ्या मिळतात.

ऋतूचीही मर्यादा आहेच. डिसेंबर-जानेवारीत ठाणे-मुंबईच्या हवेत धूळ आणि धुरके साचते, तेव्हा त्यातील मोठे कण सर्व तरंगलांबींचे प्रकाश जवळपास सारखेच विखुरतात. आकाश पांढुरके होते, तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात आणि मग कोणतीही पट्टी कितीही सरकवली तरी आकाश गडद होत नाही. म्हणून मला या कामासाठी पावसानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत मोलाचे वाटतात.

ओल्या आणि कोरड्या वाळूतील सीमारेषा मात्र कोणत्याही गुणकांनी पुसली जात नाही, आणि त्याचे कारण मला फार सुंदर वाटते. वाळूच्या कणाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो हे ठरवणारा आकडा, सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. कणांमध्ये हवा असते तेव्हा प्रकाश प्रत्येक कणाशी जोराने वळतो आणि लवकर बाहेर येतो. तेथे पाणी भरले की फरक घटतो, प्रकाश कमी वळतो, खोलवर जातो, अधिक कणांना भेटतो आणि वाटेत अधिक शोषला जातो. शिवाय बाहेर निघू पाहणाऱ्या प्रकाशाचा काही भाग पाण्याच्या पातळ थराच्या आतल्या बाजूवरून पुन्हा खाली परततो. ओले पृष्ठभाग काळसर का दिसतात याचे, पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचे हे दुसरे स्पष्टीकरण स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये दिले. ओली वाळू अशी लाल, हिरव्या आणि निळ्या या तिन्हींत काळवंडते, त्यामुळे लाटेने ओढलेली ती वाकडी रेघ प्रत्येक रूपांतरात टिकून राहते.

बोंबलांचे आकडे १७०, १६५, १५५ असे जवळपास करडेच असल्याने ते जुन्या सूत्राने १६५ होते आणि नव्या गुणकांनी १७० झाले, म्हणजे जागचे फारसे हलले नाहीत. हलले ते त्यांच्या मागचे आकाश, १४१ वरून १०५ वर. पहिल्या प्रतीत जी केवळ एक फिकट झालर वाटत होती, तिच्यातला एकेक बोंबील आता वेगळा मोजता येतो.