संगणक सुरू होण्याचा वेळ

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो वापरता येईपर्यंत जाणारा अवधी म्हणजे बूट टाइम. वापरता येणे नेमके कोणत्या क्षणी धरायचे, यावर मात्र एकमत नाही. डेस्कटॉप दिसणे आणि ब्राउझर उघडून टाइप करता येणे यांत जुन्या यंत्रावर मिनिटभर सहज जातो, आणि जाहिरातदार साहजिकच पहिला आकडा सांगतात. हा वेळ वर्षागणिक कमीच होत गेला, हा समजही चुकीचा आहे. १९८२ चे घरगुती संगणक २००२ च्या संगणकांपेक्षा कितीतरी लवकर सुरू होत.

वीज जाताच रॅममधले, म्हणजे चालू कामाच्या मेमरीतले, सगळे पुसले जाते, म्हणून दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिम कुठून तरी आणून रॅममध्ये भरावी लागते. ती केवढी आहे आणि कुठून आणायची, यावर वेळ ठरतो. १९७५ च्या अल्टेअर ८८०० मध्ये दर्शनी पट्टीवरचे स्विच वरखाली करून एक छोटा प्रोग्रॅम हाताने भरावा लागे. मग त्याच्या मदतीने कागदी फितीवरची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत घेतली जाई. फीत वाचणारे साधे टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरे वाचायचे, म्हणजे ४ किलोबाइटच्या बेसिकला सुमारे सात मिनिटे लागत. मध्येच वीज गेली तर पुन्हा स्विचपासून सुरुवात.

बीबीसी मायक्रो (१९८१), कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम (दोन्ही १९८२) यांनी हा प्रश्न मुळातूनच सोडवला. त्यांत बेसिक कायमस्वरूपी रॉम चिपमध्येच असे. आणायचे काही नाही, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत कर्सर हजर. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून भारतातल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांनी पाहिलेला पहिला संगणक हा असा चटकन सुरू होणारा होता. किंमत मोजावी लागे ती पुढे: कॅसेटवरून एखादा खेळ चढवायला कित्येक मिनिटे जात.

१९८१ च्या आयबीएम पीसीने वेगळी वाट धरली. बायॉस हा चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम आधी यंत्राची तपासणी करी, मेमरीचा कण नि कण लिहून-वाचून पाही, आणि मग डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचून पुढचे काम त्यातल्या प्रोग्रॅमवर सोपवी. मेमरी जितकी जास्त, तितकी तपासणी लांब. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू केल्यास ही मेमरी तपासणी वगळली जाई.

अॅपलचा मॅकिंटॉश संगणक घडत असताना, १९८३ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केन्यन या अभियंत्याला तो सुरू होण्यातले १० सेकंद वाचवायला सांगितले. ५० लाख लोक रोज १० सेकंद वाचवतील तर वर्षात डझनावारी माणसांची आयुष्ये वाचतील, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्ष गुणाकार केला तर सुमारे ५८० वर्षे, म्हणजे आठेक आयुष्ये होतात. पण दहा सेकंदांहून जास्त वेळ वाचला, हे खरे.

सर्वांत रटाळ काळ हार्ड डिस्कवरच्या विंडोजचा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारे टोक इकडून तिकडे न्यायचे, म्हणजे विखुरलेल्या फायली सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणांहून वाचून होत. महाराष्ट्रात भारनियमनाने संगणक अर्ध्यात बंद पडला की विंडोज ९८ पुढच्या वेळी आधी डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क हा प्रोग्रॅम चालवायचे. तो वेळ वेगळाच. २००१ च्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने ३० सेकंदांचे उद्दिष्ट ठेवले होते. सुरू होताना कोणत्या फायली लागतात याची नोंद ठेवून त्या आधीच वाचून घेण्याची सोय त्यातच आली. मात्र अँटिव्हायरस, मेसेंजर, प्रिंटरची उपकरणपट्टी अशी मंडळी स्टार्टअपमध्ये घुसत गेली आणि कमावलेले सेकंद खर्ची पडले.

खरा फरक एसएसडीने, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कने, पाडला, कारण तिच्यात फिरणारे काही नाही. तरी सगळे श्रेय तिचे नव्हे. २००८ मध्ये इंटेलच्या दोन अभियंत्यांनी एसएसडी असलेल्या आसुस ईई पीसी या स्वस्त नेटबुकवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पाच सेकंदांत सुरू करून दाखवली. त्यासाठी त्यांनी अनावश्यक सेवा काढल्या आणि उरलेली कामे एकाच वेळी चालवली. २०१२ च्या विंडोज ८ ने निराळी युक्ती केली: ‘शट डाउन’ म्हटल्यावर फक्त वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणूनच बंद करून चालू केल्याने न गेलेली अडचण सगळे नव्याने चढवणाऱ्या ‘रीस्टार्ट’ने जाते. हे इतके झटपट होऊ लागले की काही यंत्रांत एफ२ वा एफ८ दाबायला २०० मिलिसेकंदांहूनही कमी अवसर उरला, आणि फर्मवेअरच्या (बायॉससारख्या चिपमधल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्जमध्ये जाण्याचा रस्ता विंडोजच्या आतून द्यावा लागला.

उलट दिशेचे उदाहरण डीडीआर५ मेमरीचे. नव्याने जोडलेला संगणक मेमरीचे सूक्ष्म वेळापत्रक बसवण्यात पहिल्या वेळी काही मिनिटे काळ्या पडद्यावर घालवू शकतो. नवखे लोक तो बिघडला समजून वीज तोडतात, आणि जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अमेरिकेत हा वेळ मजुरीच्या वादातही आला. लास व्हेगासमधील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांच्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले, की संगणक सुरू होण्याची वाट पाहणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.