कियांतीचे पांढरे रस्ते: डांबर का पडले नाही

रविवारी इंदूरहून चोरलपर्यंत उतरून, सिमरोल घाट परत चढून आलेली सायकलवाली मंडळी पोह्यांच्या गाडीवर टेकली की अधूनमधून कियांतीचा, म्हणजे इटलीच्या टस्कनीतल्या द्राक्षबागांच्या टेकड्यांचा, विषय निघतो. मग दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. तिथले रस्ते पर्यटकांसाठी मुद्दाम कच्चे ठेवलेत ही एक, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या ‘स्त्रादे बियांके’ या मोठ्या सायकल शर्यतीमुळे ते वाचले ही दुसरी. दोन्हींत क्रम उलटा लागलेला आहे. रस्ते कच्चे राहिले ते गावे ओस पडली म्हणून. ते वाचवायचे हे नंतर ठरले आणि शर्यत तर सगळ्यांत शेवटी आली.

जुना इतिहास थोडक्यात. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या भांडणात मधल्या टेकड्यांचा चुराडा होत राहिला. गावे, गढ्या, मठ सगळे उंचावर बसले आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा धारेवरून चालल्या. राद्दा आणि कास्तेल्लिना ही गावे अशी धारेवर आहेत, गायोले तेवढे खाली ओढ्याकाठी. आजचा सायकलवाला अर्ध्या तासात तीनदा खाली जाऊन तीनदा वर येतो, त्याचे मूळ या वस्तीच्या ठेवणीत आहे. १७१६ साली टस्कनीच्या ड्यूकने फर्मान काढून कियांतीच्या वाइनचा मुलूख आखून दिला. १९३२ साली हे नाव आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या टापूला देऊन टाकले आणि मूळच्या टेकड्यांना ‘क्लासिको’ हे वेगळे बिरुद मिळाले. मार्ग आखताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरते: ज्या टेकड्यांची चित्रे आपण पाहतो त्या फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधल्या, ‘क्लासिको’ वाइनचे चिन्ह असलेल्या काळ्या कोंबड्याच्या पाट्या लागलेल्या. बाकी ‘कियांती’ फार दूरवर पसरलेली आहे.

खरी गोष्ट सुरू होते ती अर्धेलीच्या शेतीपासून. जमीन आणि घर मालकाचे, राबणार कुळाचे अख्खे घर, पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडे माळव्यात बटाईची शेती असते, पण तिथे एक मोठा फरक होता. कूळ गावात राहत नसे. प्रत्येक वाट्याच्या जमिनीवर दगडी घर, गोठा आणि विहीर असे, आणि कुटुंब तिथेच राही. द्राक्षाचे वेल झाडांवर चढवलेले, वेलांच्या ओळींमध्ये गहू, बांधाला ऑलिव्ह. प्रत्येक घरापर्यंत बैलगाडी जाईल अशी वाट हवीच. म्हणून एवढ्याशा डोंगराळ मुलखात वाटांचे इतके दाट जाळे विणले गेले. ती वाट टेकडीतलाच चुनखडीचा दगड आणि ठिसूळ शेल फोडून घातलेली. पांढरा रंग आला तो या दगडातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळे दोन दशकांत कोसळले. तरुण पोरे फ्लोरेन्स, प्रातो, पोज्जीबोन्सीच्या कारखान्यांत गेली. अर्धेलीचे नवे करार करायला १९६४ च्या कायद्याने बंदी घातली, पण तोवर घरे रिकामी व्हायला लागलीच होती. नेमकी हीच वर्षे इटलीत डांबर पडण्याची. फ्लोरेन्सहून ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना करत सिएनाला जाणारा धारेवरचा मुख्य रस्ता पक्का झाला. आडवाटांवर डांबर मागायला माणूसच उरला नव्हता. आज आपण ज्यावर जीव टाकतो तो रस्ता एका पिढीच्या स्थलांतराने मागे ठेवला आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हे क्वचितच लिहिलेले असते.

पुढे ओस घरे शहरातल्या आणि परदेशातल्या लोकांनी विकत घेतली, वाइनला भाव आला, मिश्र पिकाच्या जागी ट्रॅक्टर फिरेल अशा सरळ ओळींच्या बागा लागल्या. माणसे परतली तशी डांबराची मागणीही परतली आणि वाद पेटला.

या वादावर थांबायला हवे, कारण आपल्याकडे तो फार सोपा करून सांगतात. उन्हाळ्यात पांढऱ्या रस्त्यावरून एक मोटार गेली तरी पिठासारखी धूळ उडते आणि कडेच्या वेलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडक्यांच्या पडद्यांवर बसते. पाऊस झाला की उतारावर घळी पडतात. गाड्यांच्या ब्रेकने चढाच्या तोंडाशी आडव्या लाटा उमटतात आणि तिथून सायकल नेताना हँडल हातात राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची ट्रॉली याच घळींतून न्यायची असते. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या घराला रस्त्याचा पांढरेपणा सुंदर वाटावा अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. डांबर मागणारे लोक निसर्गाचे शत्रू नव्हते. ते तिथले रहिवासी होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हवेतले नव्हते. डांबर पडले की रस्ता रुंद होतो, वळणे सरळ होतात, गाड्यांचा वेग वाढतो आणि पाहता पाहता आडवाट जवळचा रस्ता बनते. खडीच्या रस्त्यावर गाडी आपोआप सावकाश चालते. बाजूचा दगडी बांध, सरूची रांग, पाण्याचा चर ही सगळी त्या अरुंद रस्त्याचीच अंगे, तीही रुंदीकरणात जातात. आणि वाइन विकत घ्यायला येणारा माणूस बाटलीबरोबर हा देखावाही विकत घेतो, हे बागवाल्यांना उशिरा का होईना पटले.

मला स्वतःला राखणाऱ्यांचे बरोबर वाटते, पण एका अटीवर. पांढरा रस्ता फुकट राखला जात नाही. त्यावर ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) फिरवावा लागतो, चर मोकळे करावे लागतात, वाहून गेलेली खडी पुन्हा टाकावी लागते, आणि हे पावसाळ्यागणिक चालते. तो खर्च सार्वजनिक पैशातून होणार नसेल तर ‘राखा’ म्हणणाऱ्यांनी रहिवाशांच्या माथी धूळ मारली असाच त्याचा अर्थ होतो. डांबराची बाजू हरली ती तिचे म्हणणे चुकीचे होते म्हणून नव्हे. रस्ता डांबराशिवायही निगुतीने ठेवता येतो हे दिसले, आणि तसा ठेवायला निमित्त मिळाले, म्हणून.

ते निमित्त म्हणजे एरोइका. १९९७ साली गायोलेतल्या एका सायकलवेड्याने जुन्या सायकलींची ही फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. हेतू दोन होते: जुन्या कष्टाच्या सायकलिंगची आठवण आणि पांढऱ्या रस्त्यांचा बचाव. फेरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, द्राक्षतोडणीच्या हंगामात येते. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा, मोंताल्चिनोपर्यंत जाऊन परत येणारा. चढाची बेरीज साडेतीन हजार मीटरच्या वर जाते. लांब पल्ल्याचे लोक पहाटे अंधारातच निघतात. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या पांढऱ्या रस्त्यावर सरूंच्या खाली दिवे लावलेले असतात आणि त्या उजेडात पुढच्याची पाठ तेवढी दिसते. थांब्यावर एनर्जी जेलऐवजी शिळ्या पावाचे भाजी घातलेले दाट सूप आणि पेल्यात वाइन. पुढे याच मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या, त्यामुळे वर्षभर कोणीही तो स्वतः चालवू शकतो. इंदूरहून जाणाऱ्यांनी गर्दीचा दिवस टाळून एप्रिल-मेमध्ये या पाट्या धरून जावे असे मी सुचवेन.

सायकल १९८७ पूर्वीची हवी हा नियम बऱ्याच जणांना खटकतो. त्यामागे तांत्रिक कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बुटाला अडकणारी पेडल आणि टकटक बसणारे गिअर आले आणि सायकल बदलली. त्याआधीची सायकल म्हणजे पोलादी चौकट, खालच्या दांडीवर गिअरच्या दोन काड्या, पट्ट्यांची पेडल, हँडलवरून बाहेर लोंबणाऱ्या ब्रेकच्या तारा. नियमामुळे जुन्या सायकलींच्या किमती चढल्या हे खरे. नंतर जुन्या घाटणीच्या नव्या पोलादी सायकलींनाही मुभा मिळाली. पण नियम नसता तर ही फेरी इतर चार फेऱ्यांसारखी वेगाची झाली असती आणि खडी हा अडथळा ठरून डांबराची मागणी खुद्द सायकलवाल्यांनीच केली असती.

टीव्हीवरची व्यावसायिक शर्यत, स्त्रादे बियांके, आली २००७ साली, आधी ऑक्टोबरात. दुसऱ्या वर्षी ती मार्चमध्ये गेली. २०१० मध्ये ‘जिरो’ या इटलीच्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या शर्यतीचा मोंताल्चिनोला संपणारा टप्पा भर पावसात झाला आणि चिखलाने माखलेले, न ओळखू येणारे चेहरे जगभर पोचले. २०१५ पासून महिलांची शर्यतही होते, २०१७ पासून पुरुषांची वर्ल्ड टूर या सर्वोच्च मालिकेत आहे. मात्र आरंभस्थान २०१४ मध्येच गायोलेहून हलले. आता शर्यत सिएनाहून सुटते आणि सिएनातच, १६ टक्क्यांच्या दगडी गल्लीनंतर चौकात संपते. तिचे बरेचसे पांढरे टप्पे सिएनाच्या दक्षिणेकडच्या चिकणमातीच्या, गव्हाच्या उघड्या टेकड्यांवर आहेत. टीव्हीवरचा मार्ग जीपीएस घड्याळात भरून निघालेल्याला द्राक्षबागा शोधाव्या लागतात. बागांतून जायचे तर गायोले, राद्दा, कास्तेल्लिना हा त्रिकोण धरावा. २३ मिलिमीटरचे टायर घेऊन जाऊ नयेत. आता व्यावसायिक खेळाडूही तिथे ३० मिलिमीटरच्या आसपासचे टायर लावतात.

इंदूरकरांना हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. खंडवा रस्त्याच्या चौपदरीकरणात घाटासाठी बोगदे घेतले आहेत. ट्रक त्यातून जायला लागले की सिमरोलची जुनी वळणे मोकळी होतील. महूहून मंडलेश्वराकडे उतरताना जाम दरवाजा लागतो. होळकरांच्या काळातली ती वाट विंध्याच्या कडेवरून थेट निमाडात उतरते आणि आपल्या परिसरातला सर्वांत देखणा चढ परतीला तिथेच मिळतो. वाहतूक हलली की जुना घाट कोणाच्या ताब्यात राहणार, त्याचे कठडे आणि चर कोण पाहणार, कडेच्या वस्त्यांना तो रस्ता कसा हवा आहे, हे प्रश्न आत्ताच विचारता येतात. कियांतीत ते विचारायला माणसे परत येईपर्यंत कित्येक वर्षे गेली. सिमरोल आणि चोरलच्या आसपास माणसे आजही राहतात, आणि पहिले त्यांना विचारले पाहिजे.